बिनकापसाची खोली

त्या दिवशी दुकानाचं शटर वर करायला गेले, तर पायरीवर एक तरुण बसलेला. जानेवारीतली आदिलाबादची थंडी, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि हा आपला नुसत्या शर्टावर. स्वतःची गोधडी त्यानं मांडीवरच्या गाठोड्याला गुंडाळली होती आणि एका हातानं ते गाठोडं हळूहळू थोपटत होता. माझ्या दुकानाला लागूनच लहान मुलांचा दवाखाना आहे. रोज सकाळी एखादे आईबाप चुकून माझ्याच पायरीवर बसतात.

"डॉक्टर उशिरा येतात," मी म्हटलं. "ताप आहे का बाळाला?"

त्यानं आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि त्याचे डोळे हसले.

"तापते तर लय," तो म्हणाला. "पण डॉक्टर नको जी. मले तुमीच पायजे."

गोधडी बाजूला केली तर आत कंप्युटर, आणि माझं दुकान कंप्युटर दुरुस्तीचंच. मी ओशाळले, आणि ओशाळले की मला राग येतो. आत आणा म्हणून जरा तोऱ्यातच सांगितलं. तो मात्र हसतहसत मागून आला.

त्याचं नाव हर्षदीप. तामसीच्या पुढच्या एका खेड्यातला. घरी आई, देवकाबाई, आणि कापूस-ज्वारीचं वावर. हैदराबादच्या एका कंपनीचं काम तो घरी बसून करायचा. आता कंपनीनं फर्मान काढलं होतं की सोमवारपासून सगळ्यांनी नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच काम करायचं. ज्याला ते जमणार नाही, त्यानं मुकाट हैदराबादला येऊन ऑफिसात बसायचं. म्हणून यानं घरीच नवी सिस्टीम टाकायला घेतली. ती निम्म्यावर गेली आणि पडदा काळा. पुन्हा लावली, पुन्हा निम्म्यावर बंद. आता तर बटण दाबलं की मशीन जरासं गुरगुरायचं आणि गप्प व्हायचं. जुनी सिस्टीम गेली, नवी आली नाही, असं ते मधल्यामधे लटकलं होतं.

"मग जा की हैदराबादला," मी म्हटलं. "तिकडे काय वाईट आहे?"

"वाईट काईच नाई. दोन वर्सं राह्यलो ना." त्यानं गोधडीची घडी घातली. "पण तिथं संध्याकाळ झाली की... माह्यं घर इकडं हाय, अन् मी तिकडं काऊन बसून राह्यलो, असं वाटे."

शहरात जायला निघालेली मुलं मी ढिगानं पाहिली होती. माझे बाबा, वामनराव, बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्यासाठी स्थळं आणायचे, तीही सगळी त्याच पठडीतली. चहाचा पहिला घोट घेतला की विचारायची, विनोदिनी, लग्नानंतर दुकान बंद करशील ना? चहा संपेपर्यंत मी त्यांची बोळवण केलेली असायची. इथं न जाण्यासाठी धडपडणारा हा पहिलाच भेटला.

मी मशीनचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत कापूस! पंख्याच्या पात्यांना कापूस, जाळीला कापूस, कोपऱ्याकोपऱ्यात कापूस.

"ठेवता कुठं हे?"

"घरात. कापसापाशी," तो अगदी सहज म्हणाला. वेचणी झाली की विकेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, हे मला काय माहीत नव्हतं? पण त्याच्या शेजारी कंप्युटर थाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. नवी सिस्टीम बसताना मशीनला मेहनत जास्त पडते. वारा आत शिरायला जागा नाही, मग ते तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद पडतं. आणि अर्धवट बसलेल्या सिस्टीमवर ते पुन्हा सुरू तरी कसं होणार? एवढं सगळं मी त्याला समजावलं. त्यानं मान डोलावली, पण लक्ष माझ्या हातांकडे होतं.

मी चिमट्यानं कापूस काढत होते, तो बॅटरीचा उजेड धरून उभा होता. डोकी जवळ आली. त्याच्या शर्टाला सरकीचा वास होता... आणि मला तो आवडला. काढलेला कापूस चांगला पांढरा होता. सवयीनं माझ्या बोटांनी त्याची वात वळली, मग दुसरी.

"आईंना द्या," मी म्हटलं. "देवापुढं लावतील."

त्यानं त्या वाती खिशात अशा ठेवल्या, की मला उगाचच दुसरीकडे बघावं लागलं.

त्याच्या फायली काढून ठेवल्या, आतली साफसफाई केली आणि नवी सिस्टीम चढवणार, तेवढ्यात लाइट गेली. दुपार सरली तरी आली नाही. त्याच्या बसची वेळ झाली, म्हणून मी नवी सिस्टीम भरलेला माझा पेनड्राइव्ह देऊन पुढचं घरी करायला सांगितलं, आणि पेनड्राइव्ह परत हवा म्हणून बजावलं. आणून देतोच, असं तो इतक्या खुशीत म्हणाला की माझं बजावणं वायाच गेलं.

शनिवारी सकाळी पायरीवर तो हजर. गोधडी हजर, गाठोडं हजर.

"परत निम्म्यावर बंद," तो म्हणाला.

झाकण काढलं तर जाळीवर पुन्हा कापसाचा थर. माझा पारा चढला. माझ्या कामात खोट काढता की मुद्दाम करता, मी सरळ विचारलं. ढिगाला टेकवून ठेवलं होतं की काय?

"टेकवलं नाई जी. पण घरात दुसरी जागाच नाई." मग हळूच म्हणाला, "खोटं वाटते तर... येऊन पाहा ना. उद्या आयतवारच हाय."

दुकानात सिस्टीम बसवून देता आली असती. पण सोमवारी ते पुन्हा त्याच कापसात जाऊन तापलं असतं, म्हणजे जागा बघणं भागच होतं. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली.

रविवारी बाबांना कामाला जाते म्हणून सांगितलं आणि बस पकडली. त्याच्या घरी पोचले तर पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेच्या टोकाला कंप्युटरचं टेबल रुतलेलं. दाराजवळ एक भरलेली बॅग होती. मी तिच्याकडे पाहिलं, तसा तो खाली बघत म्हणाला, "चालू नाई झालं... तर उद्याची गाडी."

ते ऐकलं आणि मला कळलं. हा माणूस जायला नको, असं मला वाटत होतं. त्याच्या मशीनसाठी नाही. माझ्यासाठी.

देवकाबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि हातात पोह्यांची बशी दिली. "वाती तूच धाडल्या व्हत्या ना? मशीनीतल्या कचऱ्यातून वात काढणारी पोरगी कशी दिसते, पाहाचं व्हतं मले," त्या म्हणाल्या. एवढ्यात शेजारच्या बयनाबाईंनी दारातून डोकं आत घातलं.

"काऊन वो देवका, पोरगी आली का पोराले पाहाले?"

मी पोह्यांतले शेंगदाणे निवडायला लागले. आणि नेमका त्याच वेळी हर्षदीप आतून चहाचा ट्रे घेऊन आला. नजर खाली, कान लाल, कप एकमेकांवर वाजताहेत. मला राहवेना.

"स्वयंपाक येतो का?" मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

"भाकर येते. गोल नाई येत."

"शिक्षण?"

"कंप्युटरचंच. पण चालू कराले दुसरं कोणी लागते."

"लग्नानंतर नोकरी करायचा विचार आहे?"

कप हिंदकळला. "करू देली... तर करीन जी."

देवकाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या.

हसणं झालं, चहा झाला, पण प्रश्न तिथंच होता. मशीनला कापूस नसलेली जागा हवी. स्वयंपाकघरात चुलीचा धूर, अंगणात धूळ आणि शेळ्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही कापूसच. गावात एकही बिनकापसाची खोली नाही का, मी वैतागून विचारलं. बयनाबाईंनी बोट वर केलं.

"हाय ना. माडीवर."

देवकाबाईंचं हसू मावळलं. हात कमरेच्या चावीवर गेला. हर्षदीपनं मला हळू आवाजात सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती खोली बांधली, तेव्हा आई साऱ्या गावासमोर बोलून बसली होती की ही खोली माझी सूनच उघडेल. चुना लावला आणि कुलूप घातलं. तेव्हापासून तिथं ना कापसाचं बोंड गेलं, ना ज्वारीचं पोतं.

"आता माह्यं बोलणं मोडू, का पोराले धाडू?" देवकाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तूच सांग पोरी."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

हर्षदीपनं ट्रे खाली ठेवला. "मशीनपाई बोलणं नको मोडू, आई." मग तो माझ्याकडे वळला. "तामसीतबी कंप्युटरचं दुकान हाय. पयल्या दिवशी ते बंद होतं, म्हणून मी आदिलाबादले आलो. काल उघडं होतं... बसमधून दिसलं मले. मी उतरलो नाई."

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मशीन चालू हो का नको हो, मी इथं राहो का हैदराबादेत... मले तुमी आवडता," तो म्हणाला. "दुकानासकट."

देवकाबाईंनी कमरेची चावी सोडली आणि पुढे धरली, ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे, मधेच कुठंतरी. मी ती घेतली. जिना चढून गेले आणि कुलूप काढलं.

आत चुन्याचा वास होता. एक खिडकी, एक कोनाडा आणि स्वच्छ फरशी. हर्षदीपनं टेबल आणलं, मशीन आणलं. मी आतला कापूस पुन्हा काढला, पेनड्राइव्ह लावला आणि नवी सिस्टीम चढवायला सुरुवात केली. आम्ही दोघं फरशीवर बसून पडद्याकडे बघत राहिलो, मधे एका माणसाची जागा सोडून. निम्म्यावर आलं, तसा त्यानं श्वास रोखला. मीही रोखला. निम्मं पार झालं... आणि मधली जागा कधी नाहीशी झाली, कळलं नाही.

देवकाबाई समई घेऊन वर आल्या आणि नेमका तेव्हाच पडदा काळा झाला.

"गेलं वाटते," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. आता ते आपलं आपण उठतंय."

पडदा उजळला. देवकाबाईंनी समई कोनाड्यात ठेवली. वाती मी वळलेल्याच होत्या. हर्षदीप धडधडत खाली गेला आणि त्यानं दाराजवळची बॅग उचलून कापसाच्या ढिगात फेकली, ते मी जिन्यावरून पाहिलं.

संध्याकाळी तो फाट्यापर्यंत सोडायला आला. बस दिसल्यावर त्यानं विचारलं.

"ते कुलूप काढलं... ते मशीनसाठी काढलं, का...?"

"मशीन सुरू झालं ना?" मी म्हटलं आणि बसमध्ये चढले. त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. आहेच मी खोडसाळ. एवढं गोड कोणी झुरत असेल, तर जरा झुरू द्यावं.

घरी आले आणि पर्समध्ये हात घातला, तर आमच्या दाराच्या चावीबरोबर आणखी एक चावी! रोज संध्याकाळी शटर ओढायचं, कुलूप लावायचं, चावी पर्समध्ये टाकायची. निघताना त्याच सवयीच्या हातानं मी माडीलाही कुलूप घातलं होतं. इतक्यात फोन वाजला.

"सकाळी कामाले बसा लागते," हर्षदीप रडकुंडीला आला होता, "अन् खोलीले कुलूप. आई म्हणते, तोडाचं नाई."

"खबरदार तोडलंत तर. पहिल्या बसनं येते."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. कोणाच्या घराची चावी, त्यांनी विचारलं. मग मी गोधडीपासून सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकच विचारलं.

"दुकानाचं काय म्हणाला?"

"दुकानासकट म्हणाला."

बाबा उठले आणि कपाटातून इस्त्रीचा कोट काढून खुंटीला लावला.

सकाळी धुकं होतं. फाट्यावर हर्षदीप उभा होता, गोधडी पांघरून. माझ्यामागून कोटातले बाबा उतरलेले पाहिले आणि तो असा गडबडला की पाया पडताना गोधडीतच अडखळला. बाबांनी त्याला सावरलं आणि कामाची वेळ किती वाजता म्हणून विचारलं, तेव्हा कुठं त्याला सोमवार आठवला.

"चावी द्या लौकर," त्यानं माझ्यापुढं हात पसरला. "मी पळत जातो."

मी मूठ मिटून पाठीमागे नेली.

"असं कसं? ती खोली सुनेनंच उघडायची आहे ना?" मी म्हटलं, आणि त्याच्या आधी मीच चालायला लागले.