खडूच्या दोन खुणा

प्रेमाची सुरुवात नजरानजरेने होते, असं जाणकार सांगतात. इथे ती एका पाठीपासून झाली. चष्म्याच्या दुकानातला तरुण कारागीर दुरुस्त केलेला चष्मा पोचवायला आला, तेव्हा पत्ता बरोबर होता, पण माणूस म्हणून फक्त पाठ उपलब्ध होती. बाकीची मुलगी गाडीच्या बॉनेटखाली होती.

“चष्मा बाबांचा. ते संध्याकाळी येतील,” आतून आवाज आला. “तोवर जरा टॉर्च धरता?”

त्याने धरला. माणूस अशाच कामांत फसतो.

ती कपडे शिवायची. गाडी वडिलांची, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि टायमिंग बेल्ट जीर्ण. वडिलांनी सोमवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं; तिने एक संधी मागून घेतली होती. बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा, तिने समजावलं. वरचं आणि खालचं चाक तो एका तालात फिरवतो. नवा बसवताना एक दात चुकला, तर इंजिनचे आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि सगळं संपतं. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी दोन्ही चाकांवर तिने शिवणाच्या खडूने खुणा केल्या होत्या. कारखान्याचे ठिपके असतात म्हणे, पण काळ्या चिकट मळात तिला ते सापडले नव्हते.

तो मान डोलावत होता आणि तिच्या गालावरची ग्रीसची रेघ पाहत होता. ऐकत मात्र नव्हता.

ती नवा पट्टा आणायला वर गेली. चष्मेवाल्यांना एक खोड असते – मळलेलं काही दिसलं की खिशातलं फडकं बाहेर येतं. तिला बरं वाटावं म्हणून त्याने दोन्ही चाकं लख्ख पुसली. मग फडक्यावर पांढरं काहीतरी दिसलं... आणि मघाशी न ऐकलेलं सगळं त्याला एकदम ऐकू आलं.

फाटक चार पावलांवर होतं. जिन्यात चपला वाजू लागल्या.

“मी... खुणा पुसल्या,” तो म्हणाला.

पायरीवर बसून तिने एवढंच सांगितलं, की बाबांनी तिला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं होतं.

काही सुचेना, तेव्हा त्याने खिशातलं कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि इंजिनात डोकं घातलं. बराच वेळ गेला.

“वरच्या चाकावर ठिपका आहे. खालच्यावरही. दोन्ही इंजिनवर कोरलेल्या खाचांशी जुळतायत.”

“ठिपका की ओरखडा?”

“ठिपका.” त्याने भिंग पुसून पुन्हा लावलं. “बहुतेक.”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. घोळ घालणारा होता खरा – पण कबूल करणाराही होता. तिने पट्टा चढवला.

किल्ली नंतर, आधी पान्याने हातानेच दोन फेरे. कडक अडलं, तर आतले भाग आदळतायत; तिथेच थांबायचं. पान्यावर तिचा हात, त्यावर त्याचा. पहिला फेरा झाला. दुसऱ्यात पाना जड झाला... थांबला.

“कडक आहे?” त्याने कुजबुजत विचारलं.

“नाही... मऊ वाटतंय. आत नुसती हवा दबतेय.”

तिने डोळे मिटून किंचित रेटलं. आत हवेने सुस्कारा सोडला आणि चाक पुढे सरकलं.

मग किल्ली. इंजिन खोकलं, विचारात पडलं, आणि लागलं एका सुरात चालायला. तिने पहिला फोन भंगारवाल्याला केला – सोमवारी येऊ नका.

“खडू आपोआप झडला म्हणाला असतात तर? मला पटलं असतं,” ती म्हणाली.

“पुढे इंजिन फुटलं असतं, तर इथे पुन्हा यायला तोंड उरलं नसतं.”

“पुन्हा कशाला? चष्मा तर पोचला.”

तो कानापर्यंत लाल झाला. दिवसभराचा सगळा धीर ‘खुणा पुसल्या’ या एकाच वाक्यात खर्च झाला होता.

तिने पट्ट्यावरचं झाकण उचललं आणि सहा बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवले. त्यातले तीन पुन्हा उचलून आपल्या खिशात टाकले.

“आज एवढेच लावू,” ती म्हणाली. “उरलेले रविवारी.”