झऱ्याला सांगितलेलं नाव

त्या झऱ्यातून आपल्याला काय मिळणार, याचा हिशेब परीक्षितने डोंगर चढायच्या आधीच मांडून ठेवला होता. कायमची नोकरी, पाठोपाठ कायमचा व्हिसा, आणि पुण्यात सासऱ्यांसमोर ताठ मान. अडचण एवढीच की अनिशलाही नेमकं हेच हवं होतं. कार्डिफच्या त्या कन्सल्टन्सीत जागा एक आणि पुण्याचे वॉटर इंजिनियर दोन. एकाच फ्लॅटमध्ये राहणारे, एकाच कुकरमधला भात खाणारे. दोघांचीही वर्क परमिट्स जानेवारीत संपत होती.

वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स या राष्ट्रीय उद्यानातल्या त्या झऱ्याचं पाणी एका कंपनीला बाटल्यांत भरायचं होतं. नमुना आणायला परीक्षित निघाला तो अनिशचं निळं, लोकरीसारखं फ्लीस जॅकेट अंगात चढवून. आपलं कशाला चिखलात घालायचं?

पार्कच्या वॉर्डनबरोबर त्या दिवशी एक पाहुणी होती. माव्हिस, साठीची, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी रेंजर. आपल्या लोकांचे पाणवठे राखणं हे तिचं काम. वाळू उपसायची, रानउंट हुसकायचे, गवत वेळेवर जाळायचं. झरा दिसताच ती थबकली. मोठ्याने आपलं नाव सांगितलं, आपला मुलूख सांगितला. मग काखेतला घाम तळव्याला पुसून तो हात पाण्यात बुडवला.

"आता तू," ती म्हणाली. "कोण आलंय ते पाण्याला कळू दे. न सांगता फक्त उंट येतात."

वॉर्डनने लाजत लाजत नाव सांगितलं. परीक्षितला चेष्टा सुचली. तसंही आपलं नाव फुकट द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता. सुपरमार्केटच्या फॉर्मवरसुद्धा तो अनिशचाच नंबर टाकायचा.

"मी अनिश, पुण्याचा. पाणी न्यायला आलोय!" त्याने मराठीत ठणकावलं आणि डावा हात बाहीसकट बुडवला.

माव्हिस हसली नाही. "नाव खरं दिलंस ना? हे माझं पाणी नाही. इथे मला मध्ये पडता येणार नाही."

"अर्थात," परीक्षित म्हणाला.

फ्लीस रेडिएटरवर वाळत घातलं. सकाळी सगळं कोरडं, डावी बाही ओली. दुसऱ्या दिवशीही तेच. अनिश ते तसंच घालून ऑफिसला जाऊ लागला. त्याच्या खुर्चीला शेवाळाचा वास यायला लागला.

"अरे, गारठशील."

"उलट बरं वाटतं रे," अनिश म्हणाला आणि बाही गालाला लावून बसला.

इंटरव्ह्यूच्या आठवड्यात, नाश्त्याला, तो हळूच म्हणाला, "परीक्ष्या, मला कोणीतरी हाक मारतंय. नळाच्या बाजूने. 'अनिश, पुण्याचा.' अशी कोण हाक मारतं? आणि आवाज डिट्टो तुझा."

परीक्षितचा चमचा पोह्यांतच राहिला.

सांगून टाकता आलं असतं. माव्हिस अजून पार्कातच होती; आता काय करायचं ते विचारणं, एका फोनचं काम. पण इंटरव्ह्यू शुक्रवारी होता, आणि अनिशचे डोळे आताच खोल गेले होते.

"टेन्शन घेतलंयस तू," तो म्हणाला. "पाणी पी."

अनिश प्यायला. ग्लासावर ग्लास प्यायला.

शुक्रवारी तो आलाच नाही.

फ्लीस वॉर्डनला सापडलं. झऱ्याकाठी, ओल्या गवतावर, नीट घडी घातलेलं.

डावी बाही खडखडीत कोरडी.

पोलिसांनी झऱ्यात काठी घालून पाहिली. पाणी घोट्याएवढंच होतं.

नोकरी परीक्षितला लागली. पाणी कंपनीला मिळालं. किंमत अनिशने मोजली, आणि अजून मोजतो आहे. कारण दर महिन्याला नमुना आणायला परीक्षितलाच जावं लागतं, आणि न सांगता पाण्याला हात लावायची त्याची आता छाती नाही. तो काठाशी थांबतो. खरं नाव ओठांपर्यंत येतं. तो ते गिळतो.

"मी अनिश, पुण्याचा."

आणि घोटाभर पाण्यातून कोणीतरी ओ देतं.