पट्टीवरची दुसरी रेघ

ही गोष्ट मी रचलेली नाही. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसा. मी प्रियदर्शनी, निपाणीजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या माघात, भरदुपारी, आमच्या अपघात विभागात हे घडलं.

बाळाबाई लंगडत आली. तंबाखूच्या रानातला खुंट तळपायात घुसलेला. आणि जखमेत दाबलेली काय, तर तंबाखूचीच भुकटी! आमच्याकडे अजून हेच करतात.

"धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का आक्का?"

"व्हय की, बाळंतपणात."

त्या बाळाला आता मिशा आल्यात.

म्हणून मी नवी झटपट चाचणी लावली. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा. दोन रेघा आल्या तर अंगात प्रतिकारशक्ती आहे. एकच आली तर नाही, मग तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन लगेच द्यायचं.

थेंब टाकून मी जखम धुवायला वळले.

मागे... दातावर दात घासल्याचा आवाज.

वळून पाहिलं. कुणीच नाही. पट्टीवर दोन ठळक रेघा.

"मग इंजेक्शन नको," डॉक्टर वीरेंद्र म्हणाले. "ड्रेसिंग करा आणि सोडा घरी."

तेवढ्यात बाळाबाई म्हणाली, "सिस्टर, त्या आक्कानंबी पट्टीवर बोट दाबलं की."

"कुठल्या आक्कानं?"

"तुमच्या मागं हुती न्हवं, हिरव्या लुगड्यातली. इचारलं तर तोंडच उघडंना तिचं..."



नागुबाई! गेल्या वर्षी याच खोलीत धनुर्वाताने गेली. हिरवं लुगडं, घट्ट मिटलेला जबडा. तिलाही आम्ही तेच तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन दिलं होतं, पण ती आलीच फार उशिरा. तिच्या रक्ताला दोन रेघा आल्याच असत्या.

मी घाबरले. पण त्याहून जास्त संतापले. माझ्या हातातलं माणूस नेणार?

नवी पट्टी फोडली. बाळाबाईचं दुसरं बोट टोचलं. पट्टीवरची नजर हलवली नाही.

पुन्हा दात... अगदी कानाशी.

"दात घास किती घासायचेत ते!" मी ओरडले. "हिला न्हाय न्यायची, नागुबाई!"

आवाज थांबला.

पट्टीवर एकच रेघ.

"पहिली पट्टी खराब असेल," डॉक्टर म्हणाले, आणि लस, इंजेक्शन दोन्ही लिहून दिलं. बाळाबाई खडखडीत बरी झाली.

घरचे म्हणतात, नोकरी सोड. का सोडू? ती न्यायला आली होती की आणखी कशाला, मला कळलेलं नाही. झोप नीट लागत नाही, हे खरं.

काल पाय चिरलेला एकजण आला. मी त्याचं बोट धरलं. सुई अजून पाकिटातच होती...

बोटावर रक्ताचा थेंब आधीच आलेला होता.

मी तो पुसला. आणि माझ्या सुईचं पाकीट फोडलं.