पाडव्याचा पेला

भाऊबीजेच्या सकाळी पुष्पाबाई भावाकडे आली ती ओवाळणीचं ताट न घेताच. परतूरहून पहिल्या गाडीनं ती जालन्याला उतरली आणि थेट धर्मराज खरातांच्या ऑफिसात शिरली. टेबलावरचे कागद लावत बसलेला वसंता दिसला, तशी ती दारातच रडू लागली.

"दादा, मी सासऱ्याला साखर घालून मारलं म्हणून राह्यले सगळे!"

वसंताच्या हातातले कागद तसेच राहिले. पोलिसातली नोकरी सोडून धर्मराजांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. आपलं डोकं सावकाश चालतं हे त्याला ठाऊक होतं. त्याचं वाईट मात्र आजच वाटलं.

"बस, ताई," धर्मराज म्हणाले. "तुझे सासरे, काकासाहेब, जिवंत आहेत ना?"

"हायेत. इथंच, जालन्यातल्या दवाखान्यात. काल दुपारपासून डोळे उघडले न्हाईत."

पाणी पिऊन तिनं सगळं सांगितलं. काकासाहेबांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार. सणासुदीला पाव्हणे पंगतीत गोडधोड खायचे आणि घरचा कर्ता माणूस ओसरीवर वेगळा बसायचा. ते पुष्पाबाईला बघवत नव्हतं. यंदा पाडव्याला तीसेक माणसं येणार होती. मासिकात वाचून तिनं फ्रूट कॉकटेल करायचं ठरवलं. मोसंबीचा रस, पपई, पेरू, डाळिंबाचे दाणे, पुदिना, चिमूटभर काळं मीठ. साखर अजिबात नाही. सगळ्यांनी तेच प्यायचं, म्हणजे मामंजी एकटे पडायचे नाहीत.

"सकाळी नऊला केलं, चांगलं हलवलं आणि पातेलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. साडेअकराला पेले भरले. पहिले दोन पेले मामंजीला आणि त्यांचे दोस्त पाशामियाँला. बाराला मामंजी आत जाऊन आडवे झाले. दोनला उठवाया गेलो तर उठंनात. थोरल्या भावजींनी पातेल्यातलं चाखलं, तर पाकासारखं गोड! तळाला साखरेचे दाणे! दादा, तुझी शपथ, मी कणभर साखर घातली न्हाई."

"दवाखान्यात साखर किती निघाली?" धर्मराजांनी विचारलं.

"तीनशे दहा."

वसंताला वाटलं, ह्या आकड्यापुढे शपथ काय कामाची?

"आणि तुझा नवरा काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"काहीच न्हाई म्हणत," पुष्पाबाई म्हणाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकासाहेबांचा मोठा मुलगा बद्रीनाथ येरझारा घालत होता. वसंताला बघताच तो भडकला.

"बहिणीची वकिली करायला आलास? बापाला काही झालं तर तिला सोडणार न्हाई मी."

धर्मराजांनी त्याला शांतपणे बाजूला घेतलं. "परतूरला काय उपचार केले?"

"आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी लगेच दोन सलाईन लावले. मंग जीपमधी घालून इथं आणलं. त्यांच्याकडं तपासायचं यंत्र न्हवतं. साखर इथं तपासली, पाच वाजता."

परतूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशातच होती. 'बेशुद्ध. अंग थंड, घामानं ओलं. ग्लुकोजच्या दोन बाटल्या.' धर्मराजांनी ती दोनदा वाचली. वसंतानंही वाचली, पण त्याला त्यात काही दिसलं नाही.

खोलीच्या दाराशी काकासाहेबांच्या पत्नी गिरिजाबाई औषधांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"दहा वर्षं ह्या माणसाच्या तोंडात साखरेचा कण जाऊ दिला न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आन् एका दिवसात असं झालं."

"त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी?"

"काहीच न्हाई. सातला गोळी आन् बिनसाखरेचा चहा. पाडव्याला मी ओवाळल्याबिगर ते खात न्हाईत. पाव्हण्यांच्या गडबडीत ओवाळायचं राहूनच गेलं."

"गोळी तुम्हीच देता?"

"मीच. रोज सकाळी एक. धनतेरसला नवी पट्टी फोडली." त्यांनी डब्यातून पट्टी काढून दाखवली. दहापैकी पाच घरं रिकामी होती. धर्मराजांनी ती बघून परत दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

दुपारी दोघं परतूरला गेले. बद्रीनाथची बायको नंदाबाई दारातच उभी राहून बोलली.

"मी त्या दिवशी सैपाकघरात पाय ठेवला न्हाई. पाव्हण्यांमधी होते. पोरं आंबट म्हणून तोंडं वाकडी करून राह्यली, मंग हिनंच वतली असंल दोन वाट्या साखर. मला काय म्हाईत!"

बोलताना ती पदराचं टोक पिळत होती.

पाशामियाँ शेजारच्याच घरात भेटले. चाळीस वर्षांच्या दोस्तीचा माणूस.

"गोड? बिलकुल न्हाई, साहेब. माझे तर दात आंबले. काकासाहेबनं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. तबियत आधीपासूनच बराबर न्हवती. हात थरथर कापत होते, सदरा घामानं भिजला होता. थंडीच्या दिवसांत घाम! नातीवर कधी आवाज चढवला न्हाई त्यांनी, त्या दिवशी तिच्यावर ओरडले. मंग उठून आत भाभीकडं गेले. मी बसूनच राह्यलो. मी का न्हाई गेलो मागं?"

परतीच्या गाडीत वसंतानं विचारलं, "पुष्पा सुटंल का?"

"सुटेल."

"मग तुम्ही असे का बसलात?"

"तिला सोडवायचं तर दुसऱ्या कोणाला तरी ते ओझं द्यावं लागतंय. आणि त्या माणसाचा गुन्हा काहीच नाही." धर्मराज खिडकीबाहेर बघत राहिले. जालन्याला उतरल्यावर ते एकटेच दवाखान्याच्या डॉक्टरांना भेटून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. बद्रीनाथ, नंदाबाई, गिरिजाबाई, भिंतीला टेकलेली पुष्पाबाई, आणि तिच्यापासून चार हात लांब उभा असलेला तिचा नवरा.

"आधी साखरेचं बोलू," धर्मराज म्हणाले. "नऊला घालून हलवलेली साखर दुपारपर्यंत तळाला राहत नाही, विरघळून जाते. म्हणजे ती मागाहून, घाईनं घातली. पहिला पेला पाशामियाँला आंबट लागला. पातेल्यातलं उरलेलं गोड. म्हणजे ती पहिले पेले भरल्यानंतर घातली. आणि किती घातली? दोन वाट्या. हे एकाच माणसाला माहीत आहे."

नंदाबाईनं तोंडाला पदर लावला.

"पोरं पीत न्हवती," ती रडत म्हणाली. "म्हणून घातली. मामंजीचा पेला आधीच गेल्ता, मला वाटलं काय बिघडतंय. मंग ते असे पडले, आन् मी भ्याले. त्यांनी दुसरा पेला घेतला असंल असं वाटलं."

बद्रीनाथ बायकोकडे बघतच राहिला. "दोन दिवस तू गप्प बसलीस?"

"थांबा," धर्मराज म्हणाले. "त्यांनी दुसरा पेला घेतला नाही. पहिलाही दोनच घोट. साखरेनं त्यांना काही झालेलं नाही."

"मग तीनशे दहा?" बद्रीनाथ ओरडला.

"ते पाच वाजताचं. त्याआधी ग्लुकोजच्या दोन बाटल्या अंगात गेल्या होत्या. बेशुद्ध माणसाला परतूरच्या डॉक्टरांनी दिल्या, बरोबरच केलं. दुपारी बाराला साखर किती होती ते कोणी मोजलं नाही, पण अंगानं सांगितलं होतं. साखर चढली की तहान लागते, तोंड सुकतं. हात कापणं, थंडीत घाम, उगाच चिडणं, ही ती उतरल्याची लक्षणं. रिकाम्या पोटी गोळी घेऊन साडेचार तास झाले होते. इथल्या डॉक्टरांना काल विचारलं. त्यांनाही तसंच वाटतंय. मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही, म्हणून शुद्ध अजून येत नाही."

पुढे काय येणार ते वसंताला अचानक उमगलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला धर्मराजांच्या आधी कळलं होतं, आणि त्यांनी इथंच थांबावं असं वाटलं. पण थांबले तर नंदाबाई आणि पुष्पा, दोघींवरचा संशय जन्मभर राहिला असता.

"धनतेरस, चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा," धर्मराज हळू आवाजात म्हणाले. "रोज एक, म्हणजे चार गोळ्या. पट्टीतून पाच गेल्यात."

सगळ्यांच्या नजरा गिरिजाबाईंकडे वळल्या. त्या डगमगल्या नाहीत. जणू कोणीतरी विचारावं म्हणूनच बसल्या होत्या.

"आत आल्ते," त्या म्हणाल्या. "'गिरिजा, गुळाचा खडा दे, कसंतरी होऊन राह्यलं' म्हणले. मी म्हणलं, सणाच्या दिवशी तरी जिभेवर ताबा ठेवा. मला वाटलं, काहीतरी गोड खाऊनच आलेत, साखर चढली. म्हणून आणखी एक गोळी दिली. त्यांनी काही न बोलता घेतली. झोप लागली तवा मीच सगळ्यांना म्हणलं, उठवू नका, आराम पडंल."

"दहा वर्षं तुम्हाला सगळ्यांनी एकच सांगितलं," धर्मराज म्हणाले, "की साखर म्हणजे विष. उलटंही होऊ शकतं, हे कोणीच सांगितलं नाही. तुमची चूक नाही, काकू."

"मंग त्या वक्ताला गूळ दिला असता तर?"

वसंताला वाटलं, खोटं बोलावं, काहीही सांगावं.

तेवढ्यात नर्सनं दार उघडलं. "आत एकाच माणसाला सोडते. कोण येतंय?"

गिरिजाबाई उठल्या नाहीत. "मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

पुष्पाबाई भिंतीपासून पुढे आली. दोन दिवसांत तिच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. तिनं सासूला दंडाला धरून उठवलं, पदर नीट केला आणि दारापर्यंत नेलं.

"अत्याबाई, तुमचा आवाज ते वळखतील," ती म्हणाली. "बोला त्यांच्याशी."

गिरिजाबाई आत गेल्या. दार लागलं. बाहेर सगळे कान देऊन उभे राहिले. बराच वेळ आतून एकट्या गिरिजाबाईंचंच बोलणं ऐकू येत होतं; काकासाहेबांचा आवाज अजून आला नव्हता.