सहावं सोंग

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण हे माझ्या स्वयंपाकघरात घडलंय, आणि त्या दिवशी घरात दारूचा थेंब नव्हता.

तारीख ३१ मार्च २०११. मी-कारेमचा गुरुवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा मधला दिवस. संध्याकाळचे साडेसहा.

गाव ला लूत्र. नोव्हा स्कॉशियाचा किनारा. सरकार आम्हाला कधीच विसरलंय, आणि आम्हीही स्वतःला विसरत चाललो होतो. आमचं रक्त अर्धं अकेडियन, म्हणजे इथं येऊन वसलेल्या फ्रेंचांचं, अर्धं मिक्माक, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींचं. फ्रेंच आजोबांचं कौतुक सगळ्यांना. मिक्माक आजीचं नाव काढलं की सगळे गप्प.

म्हणून मी एक वही सुरू केली होती. घरोघरच्या अशा आज्यांची नावं लिहून काढली. आमच्याच घराची जागा कोरी राहिली.

माझी पणजी मिक्माक होती. चर्चच्या दप्तरात तिची नोंद नुसती 'जोझेफची बायको'.

तिचं खरं नाव एकाच माणसाला ठाऊक होतं. माझी झेली आत्या, वय नव्वद. लोक पोरांना रानटी म्हणतील या भीतीनं तिच्या बापानं तिला लहानपणी थोबाडीत मारून शपथ घ्यायला लावली होती. ते नाव तोंडातून काढायचं नाही.

"आत्या, सांग की गं. तू गेलीस की संपलंच."

"मला पोचवायची एवढी घाई झालीय होय गं, ओडील?"

हे आमचं रोजचं.

त्या वर्षी चाळीस वर्षं बंद पडलेली मी-कारेमची सोंगं मीच पुन्हा सुरू केली. तोंड झाकून घरोघर जायचं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. घरच्यांनी नाव ओळखलं की बुरखा काढायचा आणि खाऊ घ्यायचा.

आत्या म्हणाली, "एखाद्याला नाही ओळखलं, तर गुपचूप जाऊ द्यावं. आमच्या वेळी तसंच होतं."

"छे! मग मजा काय? नाव निघाल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

मी बोलले. मोठ्यानं. दार सताड उघडं ठेवून.

पायऱ्यांवर बूट आपटले. सोंगं आत घुसली. पोटाला उश्या, डोक्यावर उशांचे अभ्रे, नुसता धिंगाणा.

"हा एफ्रेम! पोट उशीचं नाही, खरं आहे!" मी ओरडले.

शेवंडं पकडणारा एफ्रेम अभ्रा काढून हसला. "तुझ्याच हातचं खाऊन वाढलंय, बये!"

एकेक करत पाचही जण ओळखले.

आणि मग...

चुलीपाशी अजून कुणीतरी उभं होतं.

बाईची चण. डोक्यावर टोकदार काळी टोपी, तिला मण्यांची नक्षी, जुन्या मिक्माक बायका घालत तशी. तोंडावर पिठाची पिशवी.

"एफ्रेम, ही सहावी कोण?"

"आम्ही पाचच निघालो होतो."

"चावटपणा पुरे हं."

पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी खाली पाहिलं. पाच जणांच्या पायाशी बर्फाचं पाणी साचलं होतं. तिच्या पायाशी... कोरडी फरशी.

"ओ...ळ...ख..."

श्वास आत ओढत. मग पुन्हा आत. मग पुन्हा. मी वाट बघत राहिले.

तिनं श्वास बाहेर सोडलाच नाही.

"ब्लांश? मारगो?" मी सुचेल ते नाव घेत सुटले. टोपी नुसती डावीकडे, उजवीकडे हलत होती.

"जा बाई, जा!" एफ्रेमनं उघड्या दाराकडे हात केला. ती हलली नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं. नाव निघाल्याशिवाय हलायचं नाही, हे मीच बोलले होते.

एफ्रेमनं धीर करून पिशवीला हात लावला... आणि मागे कोलमडला.

"ओडील... आत काही नाही गं. पिशवी चेपली नुसती."

कुणीतरी मेरीमातेचा धावा करू लागलं.

ती वळली. आत्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. पावलांचा आवाज नाही.

आत्या रडत होती. नव्वद वर्षांची बाई, पण आवाज सहा वर्षांच्या पोरीचा.

"नाही सांगणार... बाबा मारतील..."

"ओ...ळ...ख..."

लाज वाटते सांगायला. मी भीतीनं मरत होते, तरी माझा एक हात टेबलावरच्या वहीकडे गेला. मला ते नाव हवं होतं.

आत्यानं गालाला हात लावला, बहुतेक बापाची थोबाडीत आठवून. मग तिनं ती पिशवी दोन्ही हातांनी जवळ ओढली आणि कानाशी कुजबुजली.

मला फक्त ओठ हलताना दिसले.

आणि मग... एक उसासा. बाहेर सोडलेला. इतका लांब की चुलीतला जाळ आडवा झाला.

आत्याचे हात रिकामे होते. चुलीपाशी कुणीच नव्हतं.

मी आत्याला पाणीसुद्धा दिलं नाही. आधी विचारलं, "काय नाव होतं? आत्या, काय म्हणालीस?"

तिनं माझ्याकडे टकामका पाहिलं.

"कसलं नाव गं?"

थट्टा नव्हती ती. बाकी सगळं तिला आठवत होतं. बापाचा मार, शपथ, गावातली सगळी मेलेली माणसं. फक्त तेवढं एक नाव पुसून गेलं होतं. मी महिनोन्महिने विचारलं, ती बिचारी आठवून आठवून दमली. नोव्हेंबरात आत्या गेली.

लोक म्हणतात, पणजीचं होतं, ती घेऊन गेली, सुटली. असेलही. मग दर मी-कारेमला माझ्या पायऱ्यांपाशी कोण थांबतं? बूट वाजत नाहीत, बर्फात पाऊल उमटत नाही. पण दाराला कान लावला की कुणीतरी श्वास आत ओढताना ऐकू येतं.

उद्या पुन्हा तो गुरुवार आहे. तिनं दार ढकललं, तर तिला सांगायला आता या गावात कुणाकडेच नाव उरलेलं नाही, आणि नावाशिवाय ती हलायची नाही. मला फार भीती वाटतेय.