बरा झालेला उंदीर

उंदरांना माणसासारखा ताप भरत नाही, ते गार पडत जातात. जंतूंचं विष टोचलं की आतल्या आत अंगाची आग होते, केस पिंजारतात आणि पिंजऱ्यात गोळा होऊन ते मरणाची वाट पाहत बसतात. माणसाच्या सेप्सिसची, म्हणजे रक्तात जंतू पसरण्याची, ही नक्कल. ताई प्रयोगशाळेत त्यावर दोन औषधं तपासत होती. एकेकटी दोन्ही कुचकामी. एकत्र दिली तेव्हा मात्र दुपारपर्यंत उंदीर उठून बसले, अंगात ऊब आली.

त्याच सुमारास बाबांच्या रक्तात जंतू पसरले. डॉक्टरांनी हात टेकले.

"उंदीर वाचवतेस ना, ताई?" भाऊ वॉर्डाबाहेर म्हणाला. "मग?"

"माणसांवर तपासलेलं नाही रे अजून."

"बरोबर. बाबा गेले की तपासा सावकाश."

ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून दोन कुप्या नेल्या आणि नर्सची पाठ वळताच सलाइनमध्ये रिकाम्या केल्या. बाबा वाचले. भावाने सगळं श्रेय मोठ्या डॉक्टरांना दिलं. ताईला तोंड उघडायची सोय नव्हती.

बाबा घरी आले. जेवत, पेपर वाचत, हाकेला ओ देत. तरी थोड्याच दिवसांत आईने आपली गादी स्वयंपाकघरात हलवली.

"घोरतात का?" ताईने विचारलं.

"घोरले असते तर बरं झालं असतं." आई मान खाली घालून भाजी निवडत होती. "अंग चांगलं गरम आहे गं... पण शेजारी कुणी निजलंय असं वाटत नाही."

"माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, आई. तुला त्याचंही काही नाही?"

"आलंय खरं," आई हळूच म्हणाली. "कुणीतरी."

ताई तणतणत कामावर गेली, पण ते शब्द डोक्यातून जाईनात. बाकीचे जेवायला गेल्यावर तिने एक बरा झालेला उंदीर उचलला आणि धडधाकट उंदरांच्या पिंजऱ्यात सोडला. नवखा आला की उंदीर हुंगायला धावतात, नाहीतर चावायला. इथे कुणी जवळच आलं नाही. सगळे मागे सरत कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढले. खालचा चिरडत होता, तरी कुणी उतरेना. आवाज मात्र एकाचाही नाही. मधोमध तो निवांत तोंड पुसत बसला होता.

तेवढ्यात घरून फोन आला.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

"जेवते... तुमचं?"

"झालं. त्याला बाहेर काढ गं," ते मायेने म्हणाले. "सगळे कोपऱ्यात गेलेत... त्याला करमत नाही."

"बाबा... तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती नकळत झाकणाकडे हात नेत होती. उंदराने तोंड पुसणं थांबवलं आणि मान वर केली.

"सांगायला कशाला हवं? दिसतोय की तुझा हात," बाबा म्हणाले. "झाकणापाशी थांबवलास कशाला?"