कंट्रोल-सीला न जुमानणारा प्रोग्राम

"कंट्रोल-सी कोणी दाबलं?"

नकाशा-संग्रहातल्या प्रोग्रामर मुलीनं दारातूनच विचारलं. चालू प्रोग्राम थांबवणारी ती बटणं दाबली गेल्यानं तीन तास चाललेली नकाशांची कॉपी मधेच तुटली होती. अर्धवट फायलींचा हा पसारा! तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण ओशाळून बसला होता.

"मी... स्कॅनरवर आजच रुजू झालोय. स्क्रीनवर भराभर ओळी पळत होत्या, वाटलं काही बिघडलंय."

"हात शिवशिवत होते म्हणा की!"

तो हसला. गालावर खळी पडली... तिचा राग निम्म्यावर आला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तणतणत तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली - थांबायचा सिग्नल आला, तर लक्षच द्यायचं नाही.

"आता दाबा किती दाबायचं ते!"

तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि एका सकाळी तिनंच फोल्डरचं नाव चुकवलं. त्याच्या नव्या स्कॅनवर जुन्या फायली चढायला लागल्या. ती कंट्रोल-सी दाबतेय, दाबतेय... प्रोग्राम ढिम्म!

"थांब ना मेल्या!"

तो धावत आला आणि दुसऱ्या विंडोतून त्यानं तो प्रोग्राम जबरदस्तीनं बंद केला. तोवर चौदा नकाशे पुसले गेले होते. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता तिनं.

"पुन्हा स्कॅन करू," तो म्हणाला. "पण कान बंद करून कसं चालेल? सिग्नल ऐकायचा, हातातलं आवरायचं, मग थांबायचं."

खांद्याला खांदा लावून दोघांनी ती ओळ बदलली. सिग्नल येताच आता अर्धवट फाईल पुसली जाणार, मगच प्रोग्राम थांबणार.

"माझं काम शनिवारी संपतंय," तो हळूच म्हणाला. "पुढची नोकरी दुसऱ्या गावात."

तिनं ठरवलं - शनिवारच्या आत बोलायचंच. बुधवारी तोंड उघडलं, तर फोन वाजला. गुरुवारी त्याची आत्या डबा घेऊन आली. शुक्रवारी तिचीच जीभ अडखळली.

शनिवारी शेवटचा नकाशा स्कॅन होत होता.

"मला तुला..."

"अहो प्रोग्रामर बाई!" आतून साहेबांची हाक आली.

"ऐकलं साहेब! हातातलं आवरते आणि येते!" ती त्याच्याकडे वळली. कान तापले होते, पण नजर हलली नाही. "मला तू आवडतोस. खूप. गाव कुठलंही असू दे, मला तुझ्याबरोबर राहायचंय. आता तू बोल."

त्याच्या गालावर ती खळी पडली...

"अहो, येताय ना?" पुन्हा हाक.

ती उठायला लागली, तसा त्यानं तिचा हात धरला.

"साहेब, पाच मिनिटं!" तो ओरडला. "अजून माझं 'हो' म्हणायचं राहिलंय!"